पुरुषभर काठीवरचा कंदील

आमच्या घाटावरच्या काही बाया माझ्या तोंडावर गोड बोलतात आणि पाठ फिरली की म्हणतात, "सारजानं मेलेल्या नवऱ्याच्या माथी खापर फोडलं." म्हणू द्या. त्यांच्या तोंडाला मी काय कुलूप घालू? रातच्या पाण्यात ज्यांनी कधी पाऊल टाकलं नाय, त्या मला माझा नवरा शिकवतात! औरंगाबादेच्या कोर्टात मुन्सिफसाहेबापुढं मी उभी होते, ह्या भवान्या नव्हत्या. काय झालं ते सांगते, पण मधी बोलू नका. मधी कुणी बोललं की माझं डोकं फिरतं.

आमचं गाव गंगेच्या काठाला, पैठणच्या वरच्या अंगाला. शिकलेले लोक तिला गोदावरी म्हणतात, आम्ही गंगाच म्हणतो. तवा अलीकडं मोगलाई होती, म्हणजे निजामाचं राज्य, आणि पलीकडं इंग्रजी मुलूख. पाण्यावर आमच्या घाटाच्या दोन नावा. मोठी इब्राहीमभाऊची, तिच्यावर बैलांसकट गाडी चढायची. लहान आमच्या मालकाची, फकिराची. घाटावर लाकडी पाटी होती, तिच्यावर दोघांची नावं शेजारी शेजारी रंगवलेली. आम्हा दोघांनाबी वाचता येत नव्हतं, पण आमचे मालक येता-जाता त्या पाटीवरची धूळ पुसायचे. आपलं नाव कुठलं हे मातर त्यांना बरोबर ठाऊक होतं.

इब्राहीमभाऊ आणि हे मिसरूड फुटायच्या आधीपासूनचे जोडीदार. त्याची बायको शकीला आणि मी एका भिंतीच्या शेजारणी. माझी चूल विझली तर विस्तव तिच्या घरचा, तिचं मीठ सरलं तर वाटी माझ्या घरची. भांडायचोबी लई. पण संध्याकाळी घाटावर दोघी शेजारीच बसायचो, नावा परत यायची वाट बघत.

ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या साली, पावसाळा सरल्यावर, वरच्या कुठल्यातरी घाटाला अंधारात नाव बुडाली म्हणून औरंगाबादेहून हुकूम आला. दवंडी पिटली. दिवस मावळल्यावर जी नाव पाण्यात असंल तिच्यावर पुरुषभर उंच काठी, काठीला कंदील, काच साफ, तेल भरलेलं. कंदील खाली ठेवायचा नाय, झाकायचा नाय. चुकला त्याचं घाटावरचं नाव खोडणार, आणि माणूस दगावला तर तुरुंग. बाकीच्यांनी कुरकुर केली. आमच्या मालकांनी दुसऱ्याच दिवशी बाभळीची सरळ काठी तासली. रोज सांजच्याला राख घेऊन काच घासत बसायचे. मी चिडवायचे, "माझ्या तोंडाकडं कधी एवढं निरखून बघितलं का?" तर म्हणायचे, "तुझ्या तोंडाला राख लावली तर तू मला जेवायला घालशील व्हय?" असला माणूस. हुकूम मोडणाऱ्यातला नव्हता तो.

आता रीत सांगते, म्हणजे पुढचं समजंल. भादव्यातल्या एका बेस्तरवारी, गुरुवारी म्हणा, नावाडी लोक ख्वाजा खिजरचा बेडा सोडतात. ख्वाजा खिजर म्हणजे पाण्याचा राखणदार. केळीच्या सोपटाचा लहान तराफा करायचा, त्यावर मलिदा, फुलं आणि कणकेचा दिवा. मुसलमानांची रीत खरी, पण पाण्यावर पोट असलेले सगळेच ती पाळायचे. मलिद्याला तूप माझ्या घरचं जायचं. वरच्या गावांनी सोडलेले बेडेबी आमच्यापुढनं वाहत जायचे, पाण्यालगत मिणमिणत. बेडा समोर दिसला की वल्ही उचलायची, डोकं झुकवायचं आणि नाव आपसूक जाऊ द्यायची. बेड्याला वल्हं लावायचं नाय, त्याला हाक मारायची नाय. तो नावेच्या कडेनं सरकून जातो. आणि त्या राती ख्वाजाच्या दिव्याच्या वर माणसानं आपला दिवा धरायचा नाय. नावेतला कंदील तळाशी ठेवायचा. ही आमच्या घाटाची रीत, बापजाद्यांपासूनची.

त्या साली रीत आणि हुकूम एकाच राती समोरासमोर आले. इब्राहीमभाऊ बेड्याची नाव घेऊन निघायला लागला तर तालुक्याचा जवान येऊन बसला नावेत. म्हणला, कंदील काठीवर बांध. इब्राहीमभाऊनं हात जोडले, एका रातीची गोष्ट हाय म्हणला. जवान तरी काय करणार, नोकरी त्याची. बांधावा लागला. भाऊचं तोंड एवढंएवढंसं झालं. आमच्या मालकांनी ते बघितलं.

ह्यांना त्याच सांजच्याला पलीकडं जायचं होतं. आमची एकुलती एक द्वारका इंग्रजी मुलखात दिलेली, तिला दिवस गेलेले, पहिलं बाळंतपण माहेरी. पितरांचा पंधरवडा लागायच्या आत तिला आणायची होती आणि तिच्या सासऱ्यानं नेमका तोच दिवस ठरवला. गाडी उशिरा पोचणार असा निरोप होता. मी म्हणलं, "उद्या सकाळी आणा. पाणी चढलंय, आभाळ भरलंय." तर म्हणले, "पोर त्या काठावर रात काढील व्हय? आणि तिला बेडा बघायचाय. लहानपणापासून बघत आलीया." कंदिलाची काच त्या दिवशी मी घासली. ह्यांनी काठीला बांधला, लई उंच दिसत होता. मी मुद्दाम म्हणलं, "बास, आता चंद्राला लावा." हसले आणि गेले. तेच शेवटचं बोलणं आमचं.

दिवस मावळला. मी आणि शकीला घाटाच्या पायरीवर बसलो. वरून बेडे यायला लागलेले. इब्राहीमभाऊची नाव मधल्या धारेला, बेडा सोडून झालेला. तेवढ्यात पलीकडून उंचावर एक दिवा निघाला. मी म्हणलं, "निघाली बघ माझी लेक." दिवा निम्म्यावर आला असंल नसंल, आणि सावकाश खाली उतरला, पार पाण्यालगत. मला लगेच समजलं. मी शकीलाला म्हणलं, "बघ गं, तुझ्या ख्वाजासाठी आमच्या येड्यानं कंदील खाली घेतला." शकीलानं पदर डोळ्याला लावला. मलाबी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, माझ्या माणसाचा मला त्या घडीला लई अभिमान वाटला.

मागनं द्वारकानं सांगितलं ते असं. मधी आल्यावर तिच्या बापानं काठीचा कंदील सोडला. ती म्हणली, "आबा, हुकूम हाय ना?" हे म्हणले, "हाय. पण इब्राच्या नावंवर आज जवान बसलाय. त्याला जमलं नाय, ते आपण करू. तेवढंच त्याच्या जिवाला बरं वाटंल." कंदील पायापाशी ठेवला. मग मोठ्या नावेचा उंच कंदील समोरून यायला लागला. द्वारका घाबरली. हे म्हणले, "अगं इब्रा हाय तो. मला अंधारात वल्ह्याच्या आवाजावरनं वळखतो. बघील की." आणि बाजूला काढायला म्हणून नाव वळवली, पण धारेनं आडवी धरली.

तिकडं मोठ्या नावेवर काय झालं? समोर पाण्यालगत दिवा. इब्राहीमभाऊ म्हणला, वरच्या गावचा बेडा आला. वल्ही उचलली. आवाज थांबला. भाऊनं डोकं झुकवलं, नावेतल्या सगळ्यांनी झुकवलं, त्या जवानानंबी झुकवलं. नाव धारेनं आपसूक चालली. समोर बघणारा एकबी डोळा नव्हता. सगळे ख्वाजाला हात जोडून बसलेले. ख्वाजा, माझी माणसं सुखरूप ठेव, असंच मागत असतील की नाय?

लाकूड फुटल्याचा आवाज आला. मग माझ्या लेकीची किंकाळी. मी पायरीवरनं उठले ती पाण्यातच शिरले. शकीलानं मला कंबरेला धरून ठेवलं, तिला मी चावले. पुढं सगळा अंधार, नुसते ओरडे. आणि मग अंधारातून एक दिवा वर आला. पाण्यातून हात वर करून धरावा तसा, सरळ, उंच. आमचाच कंदील. मी काच घासलेली होती, मी वळखणार नाय?

द्वारका बापाच्या गळ्याला लोंबकळलेली, पोटुशी पोर, अंगावर भिजलेलं लुगडं. एका हातानं तिला सावरायचं आणि दुसऱ्या हातानं कंदील वर, इब्राला दिसावा म्हणून. पट्टीचा पोहणारा माणूस, पण पोहायला हात राहिलाच कुठं? ओरडायलाबी दम पुरत नव्हता. द्वारका म्हणते, "आबा पाण्याखाली जायचे, पण कंदिलाचा हात खाली यायचा नाय." इब्राहीमभाऊ त्या दिव्याच्या रोखानं आला. आधी द्वारकाच्या केसांना हात घातला आणि तिला ओढून घेतली. परत वळून हात घालतो तर कंदील विझला होता.

आमचे मालक दोन दिवसांनी खालच्या अंगाला सापडले. पाणी उतरायला लागलेलं. जास्त काही मी त्याच्याबद्दल सांगणार नाय.

मग चौकशी लागली. मोठ्या नावेनं लहान नाव बुडवली, माणूस मेला. मोठ्या नावेचा कंदील वर होता, ते जवानानं सांगितलं. लहान नावेचा कुठं होता? वर असंल तर इब्राहीमनं उजेडातली नाव चिरडली, त्याला तुरुंग. खाली असंल तर हुकूम फकिरानं मोडला, गुन्हा मेलेल्या माणसाचा. नावेतले लोक म्हणले बेड्यासारखा दिवा दिसला, तर कचेरीतले म्हणले हे इब्राहीमच्याच नावेतले लोक, त्याच्याच बाजूनं बोलणार. शकीला पडली त्याची बायको. द्वारका तापानं फणफणलेली, तिला उठवायची सोय नव्हती. राहिले मी. मेलेल्याची बायको, काठावरनं बघणारी. गावचे तात्यासाहेब पाटील इब्राहीमभाऊला जामीन राहिले होते. ते मला म्हणले, "सारजा, तू बोलशील तेच धरणार. नीट विचार कर. तू खाली म्हणलीस तर पाटीवरचं फकिराचं नाव डांबर फासून खोडतील. साऱ्या घाटाला दिसंल."

रोज सकाळी शकीला यायची, माझी चूल पेटवायची, भाकरी टाकायची आणि जायची. तोंडातनं शब्द काढायची नाय. चावल्याचा वण तिच्या मनगटावर तसाच होता. एक दिवस माझा संयम सुटला. मी तिच्या अंगावर धावून गेले, "बोल की काहीतरी! मुकी झालीस व्हय? माग की नवरा!" तिनं पिठाचे हात तसेच खाली सोडले. म्हणली, "काय बोलू आपा? तुझं गेलंय. माझं अजून हाय. मी कुठल्या तोंडानं मागू?"

त्याच दुपारी इब्राहीमभाऊ आला. दाराच्या आत आला नाय, उंबऱ्याबाहेर मातीत बसला. त्या माणसाचे खांदे एवढे, पण नुसतं गाठोडं पडल्यावाणी दिसत होता. "भाबी," म्हणला, "खुदा के वास्ते, एक ऐक. कंदील वर होता म्हण."

मी म्हणलं, "आणि तू?"

"मी जातो आत. जवानीभर त्यानं माझ्यासंगं वल्हं मारलं. त्याचं नाव चुकार म्हणून लागलं तर मी त्या पाटीपुढनं कसा जाऊ? मैंने मारा है उसको, भाबी. मला भोगू दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणलं, "वा रं वा! तुला भोगायचंय म्हणून मी देवाच्या शपथेवर खोटं बोलू? आणि त्यांनी कशासाठी खाली घेतला कंदील? तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून! आणि मी त्याच जिवाला तुरुंगात घालू? मग ते गेले कशासाठी?" एवढं बोलले आणि पाठ फिरवली. तो बाहेर रडत होता, मी आत कोरड्या डोळ्यांनी. मधी उंबरा.

औरंगाबादेला तात्यासाहेबांच्या गाडीतनं गेले. मी औरंगाबाद पहिल्यांदा तवाच बघितलं. पैठण दरवाज्यातनं गाडी आत गेली तर एवढी माणसं, एवढे टांगे, आणि कुणालाच ठाऊक नाय की माझा फकिरा मेलाय. मला सगळ्यांचा राग आला. एकजण अत्तराच्या कुप्या घेऊन मागं लागला, त्याला मी अशी बोलले की तो पळाला. तात्यासाहेबांना हसावं का रडावं कळंना.

मुन्सिफसाहेब हैदराबादेकडचे, उर्दूत बोलायचे. वाईट माणूस नव्हता, मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. त्यांचा पेशकार, म्हणजे कारकून, ते मला मराठीत सांगायचा. विचारलं, "धडक बसली तवा लहान नावेचा कंदील वर होता का खाली?"

इब्राहीमभाऊ समोर उभा. मला डोळ्यांनी सांगत होता, वर म्हण, वर म्हण. मी त्याच्याकडं बघितलंच नाय.

मी म्हणलं, "आधी खाली होता. मग वर होता."

पेशकार म्हणला, "बाई, एक काहीतरी सांगा."

"एकच कसं सांगू? दोन्ही झालं. धडक बसली तवा खाली होता. रीतीपायी खाली घेतलेला, हयगयीनं नाय. आणि बुडताना वर होता. एवढा वर!" मी हात वर करून दाखवला. "हुकुमात पुरुषभर म्हणलंय ना? पुरुष पाण्याखाली होता आणि कंदील पाण्याच्या वर होता. लिहा."

मुन्सिफसाहेबांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग पेशकाराशी हळू काहीतरी बोलले. पेशकार मला म्हणला, "धडकेच्या वेळी खाली, एवढं पुरे हाय. पुढचं कामाचं नाय."

मी म्हणलं, "तुमच्या कामाचं नसंल. माझ्या हाय. मागचंबी लिहा."

नाय लिहिलं. लई विनवलं, हातापाया पडले, शिव्यासुद्धा दिल्या एकदोन. तात्यासाहेबांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. इब्राहीमभाऊ सुटला. बाहेर पायरीवर त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी पाय मागं घेतला आणि म्हणलं, "घरी जा. शकीला वाट बघत असंल."

दुसऱ्या आठवड्यात जवान डांबराचा डबा घेऊन आला आणि पाटीवरनं कुंचला फिरवला. मला वाचता येत नाय हे त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं. पण आमच्या मालकांनी एवढ्यांदा पुसलेली ती जागा, ती मला डोळे मिटूनबी दिसायची. तवापासून बायांची कुजबूज सुरू झाली ती अजून चाललीया. कागदावर अर्धंच हाय, म्हणून उरलेलं अर्धं मी जो भेटंल त्याला सांगत असते.

द्वारका वाचली. पोरगी झाली तिला. इब्राहीमभाऊनं मातर वल्हं हातात धरलं नाय. नाव काठाला बांधलेली, माणसं दुसऱ्या घाटानं जायची. मी बोलून बघितलं, रागावून बघितलं. काही उपेग नाय.

परत भादवा आला. बेडा सोडायच्या दिवशी शकीला तूप मागायला आली नाय. मीच वाटी घेऊन गेले. म्हणलं, "ह्या साली खिजरबाबाला कोरडा मलिदा घालणार व्हय?" ती माझ्या गळ्यात पडली. सांजच्याला आम्ही दोघींनी मिळून इब्राहीमभाऊला घाटावर आणला. बेडा नावेत ठेवला. आता कंदील. तो हातात धरून तसाच उभा राहिला. घाटावरची म्हातारी माणसं भोवती जमलेली. जवान त्या राती नव्हता, सांगणारं कुणी नव्हतं. भाऊनं काठीला बांधायला घेतला, परत सोडला, परत बांधायला घेतला.

तेवढ्यात द्वारका पोरीला कडेवर घेऊन पुढं आली. वर्षभर ती पाण्याच्या जवळ गेली नव्हती, सासरीसुद्धा नाय. तिनं पोरगी माझ्याकडं दिली, त्याच्या हातनं कंदील घेतला आणि टाचा उंचावून काठीच्या पार शेंड्याला बांधला. एक म्हातारा म्हणला, "पोरी, ख्वाजाच्या दिव्याच्या वर?" ती म्हणली, "बाबा, त्या राती माझ्या बापाचा हात त्याच्या वरच होता. ख्वाजा रागावला असता तर मी इथं उभी नसते." मग नावेत चढून बसली. म्हणली, "चला काका. मला आबांच्या नावानं बेडा सोडायचाय. पण हा खाली घेतला तर मी तिथंच पाण्यात उडी टाकीन."

इब्राहीमभाऊनं वल्हं उचललं.

मी नात घेऊन पायरीवर बसले. शेजारी शकीला. वरून बेडे येत होते, खाली खाली, पाण्यालगत, आणि त्यांच्यात तो एकच दिवा उंच. मी त्याच्यावरनं नजर काढली नाय. मधल्या धारेला गेला, थांबला, वळला. माझा जीव नुसता डोळ्यात आलेला. आता उतरंल, आता उतरंल. उतरला नाय. जसा गेला तसाच वरच्या वर परत आला, नाव काठाला लागली, लेक खाली उतरली.

मग मी नात शकीलाच्या मांडीवर दिली आणि आमच्या मालकांचं नाव घेऊन मोठ्यानं रडले. वर्षभर रडले नव्हते मी.